आधी कडी घाला

२०२४ च्या दशलक्षण पर्वातली गोष्ट. पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. डिचोलीत आमच्या समाजाची घरं मोजकी, त्यामुळे संध्याकाळचं शास्त्रवाचन आळीपाळीने कोणाच्या तरी घरी होतं. वाचन संपलं, आरती झाली, बायका निघायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात बदलापूरचा विषय निघाला आणि सगळ्या परत बसल्या.

चार वर्षांच्या दोन मुली, शाळेचं शौचालय आणि शाळेतलाच सफाई कामगार. कोणाच्या तोंडून धड वाक्य बाहेर पडेना. मग समाजातले एक आण्णा म्हणाले, "आता प्रत्येक शाळेच्या फाटकावर बंदूकवाला राखणदार पाहिजे. आणि मास्तरांनाही परवाने द्या. एकदा गोळी चालली की कोणाची छाती होणार नाही." माना हलल्या. एका वहिनींनी लगेच पर्वातल्या दानाचा विषय काढला, या वर्षीचं दान एका शाळेच्या बंदूकधारी पहारेकऱ्यासाठी द्यावं म्हणाल्या. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पेडणे तालुक्यात सव्वीस वर्षं शाळेत शिकवलं, माझं मराठी बरं आहे, म्हणून समाजाचे सगळे अर्ज मीच लिहिते.

तो अर्ज मी लिहिला नाही. "अक्काला काय, तिची मुलं मोठी झाली," असं माझ्या पाठीमागे म्हणाल्याचं कानावर आलं. म्हणून हे लिहिते आहे. मला माझ्या बहिणींशी भांडायचं आहे, आणि भांडण पाठीमागे होत नाही.

आधी एक कबूल करते. तुमची भीती खोटी नाही. बदलापूर लांब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी वास्को आठवावं. जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या एका शाळेच्या शौचालयात सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. सगळा गोवा हादरला होता. लोक रस्त्यावर उतरले होते. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत जोडीजोडीने शौचालयाला जात होत्या. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. मुलांना कळतं. तेव्हा घाबरू नका असं मी कोणालाच म्हणणार नाही. मी एवढंच विचारते, भीती जिथून येते तिथे तुमची बंदूक पोचते का?

बदलापूरचा आरोपी फाटकावरून उडी मारून आला नव्हता. तो ऑगस्टच्या आरंभी कंत्राटावर कामाला लागला होता, त्याला फाटक उघडंच होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदींचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात. पॉक्सोखाली नोंदवलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, ओळखीतला काका, शिकवणारा, ने-आण करणारा. फाटकावरचा बंदूकवाला अशा माणसाला थांबवणार नाही, उलट सलाम ठोकेल. आणि शाळेच्या कर्मचाऱ्यांनाच शस्त्र द्या म्हणता, तर बदलापुरात ते कोणाच्या हातात गेलं असतं याचा जरा विचार करा. चार वर्षांचं पोर आधीच त्या माणसाला घाबरलं होतं. त्याच्या कमरेला पिस्तूल असतं, तर त्या मुलीने घरी येऊन तोंड उघडलं असतं का?

पेडण्याच्या बाजूला ही मागणी वेगळ्या तोंडाने येते. मोपाचा विमानतळ सुरू झाला, हरमल, मोरजी, मांद्रेची गर्दी वाढली, रस्ते रुंद झाले, बांधकामांवर परप्रांतीय मजूर आले. पालक सभेत कोणीतरी हळूच म्हणतं, "भायले लोक वाढल्यात." बंदूक मनातल्या मनात त्यांच्याकडेच रोखलेली असते. मला त्यात आणखी एक गोष्ट टोचते. मी निपाणीकडची. लग्न होऊन गोव्यात आले तेव्हा मीही भायलीच होते. त्या मजुरांची पोरं माझ्या वर्गात बसायची. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन यायची, दिवाळीनंतर बाप दुसऱ्या साइटवर गेला की पटावरून गळायची. शाळेतल्या सगळ्यांत असुरक्षित मुलांची यादी करा म्हटलं तर मी आधी त्यांचीच नावं लिहीन.

आता बंदुकीचाच विचार करू. शाळेत ती ठेवायची कुठे? कपाटात कुलूप लावून, किल्ली हेडमास्तरांकडे, असं म्हणाल तर संकट आल्यावर हेडमास्तर किल्ली शोधत बसणार. आमच्या शाळेत प्रयोगशाळेची किल्ली मिळायला कधी अर्धा तास लागायचा. कुलूप नको, अंगावरच असू दे म्हणाल, तर पन्नास-साठ पोरांच्या गराड्यात ते शस्त्र दिवसाचे सहा तास फिरणार. पोरं बाईंच्या पर्समधला खडूसुद्धा शोधून काढतात. तुमच्या घरातला मोबाइल तुम्ही कुठे लपवता आणि तो किती दिवस लपून राहतो?

उदाहरण घ्यायला डिचोलीबाहेर जायला नको. त्याच ऑगस्टमध्ये, आपण बदलापूरच्या बातम्या वाचत होतो तेव्हा, डिचोलीतल्याच एका उच्च माध्यमिक शाळेत वर्गात मिरचीचा फवारा मारला गेला. दहा-अकरा मुलींना श्वास कोंडून इस्पितळात न्यावं लागलं. फवारा मारणारी शाळेतलीच मुलं होती. मुलींच्या रक्षणासाठी म्हणून बाजारात आलेली ही वस्तू आपण आयाच मुलींच्या दप्तरात घालतो. शाळेत ती पहिल्यांदा चालली ती मुलींवरच. दोन दिवसांनी मुली घरी आल्या, कारण तो फवारा होता. गोळी असती तर?

पाकिस्तानात हा प्रयोग करून झाला आहे. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या लष्करी शाळेत अतिरेक्यांनी एकशे चाळीसहून अधिक जणांना मारलं, त्यातली बहुतेक मुलं. त्या आयांच्या दुःखापुढे कोणीही हात जोडावेत. पुढच्याच महिन्यात त्या प्रांताच्या सरकारने शिक्षकांना शाळेत शस्त्र बाळगायची मुभा दिली. शिक्षिकांना बंदूक चालवायला शिकवल्याचे फोटो जगभर छापून आले. आणि २०१५ च्याच उन्हाळ्यात स्वात खोऱ्यातल्या एका शाळेत बंदूक साफ करताना शिक्षकाच्या हातून गोळी सुटली आणि एक विद्यार्थी ठार झाला. त्या शिक्षकाच्या मनात काही वाईट नसणार. तो मुलांच्या रक्षणासाठीच बंदूक साफ करत होता.

"पण खरंच कोणी अतिरेकी आला तर?" असं आण्णांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, उत्तरही रास्त द्यायला हवं. अमेरिकेत बंदुकांची कमी नाही. तिथल्या उवाल्डी गावात २४ मे २०२२ ला एक तरुण प्राथमिक शाळेत शिरला. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे एकूण तीनशे शहात्तर शस्त्रधारी अधिकारी येऊन पोचले होते. ते वर्गात शिरले तेव्हा सत्याहत्तर मिनिटं उलटून गेली होती. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत नेमलेला सशस्त्र अधिकारी गोळीबार चालू असताना इमारतीबाहेरच थांबला. सतरा जण गेले. आयुष्यभर बंदूक हाताळलेल्या, पगार घेणाऱ्या माणसांचं हे झालं. आणि तुम्ही म्हणता, तिसरीला पाढे शिकवणाऱ्या बाई पदर खोचून नेमका नेम धरतील, मुलांच्या धावपळीत एकही गोळी चुकणार नाही.

मी धरला असता का नेम? माझी एक गोष्ट सांगते, आजवर कोणाला फारशी सांगितलेली नाही. पाचवीचा वर्ग होता, मार्च महिना, उकाडा, घरून भांडून आले होते. एक मुलगा मागच्या बाकावर पुन्हा पुन्हा हसत होता. माझ्या हातात डस्टर होतं. मी ते फेकलं. लाकडी डस्टर त्याच्या भुवईवर लागलं, रक्त आलं, दोन टाके पडले. तो मुलगा आज टॅक्सी चालवतो, भेटला की "बाई, नमस्कार" म्हणतो. भुवईत केस नसलेली एक रेघ आहे. मी त्याच्याकडे बघते तेव्हा आधी ती रेघच बघते. मी वाईट शिक्षिका नव्हते, हो. पण त्या क्षणी हाताला जे लागलं ते मी फेकलं. हाताला डस्टरच लागलं हे माझं नशीब, आणि त्याचं त्याहून अधिक. शिक्षक माणूस असतो, त्याला राग येतो, कर्जाचे हप्ते असतात, घरी आजारपण असतं. असल्या माणसाच्या खणात पिस्तूल ठेवा असं जे सांगतात, ते कधी चाळीस पोरांच्या वर्गात तास घ्यायला उभे राहिलेले नाहीत.

बंदूक आपल्या भागाला नवी नाही. डिचोली, सत्तरी, पेडण्यात पिकाच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. रानडुकरं काजूची, नारळाची नासधूस करतात, शेतकऱ्याची गरज खरी आहे. पण डुकराच्या शिकारीला गेलेल्यांतलाच कोणी गोळीला बळी पडला, ही बातमीही आपण अधूनमधून वाचतोच. निवडणूक लागली की बऱ्याच परवानाधारकांना आपली बंदूक पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावी लागते. का, तर मतदान शांततेत व्हावं. आणि मतदान होतं कुठे? गावच्या शाळेत. जाणत्या, मतदान करणाऱ्या माणसांच्या हातात त्या दिवसांत बंदूक नको असं सरकारला वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत पोरं बसणार, तिथे मात्र ती रोज हवी असं आपल्याला वाटतं!

आता आपल्या घरातलं बोलू. त्या संध्याकाळी एकांनी मला शास्त्र ऐकवलं. म्हणाले, "अक्का, विरोधी हिंसा गृहस्थाला सुटत नाही. स्वतःच्या, कुटुंबाच्या रक्षणासाठी शस्त्र उचलावं लागलं तर श्रावकाचं व्रत मोडत नाही." बरोबर आहे. संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडायची, आरंभी, उद्योगी आणि विरोधी टाळता येईल तितकी टाळायची, असंच मीही लहानपणी आजीकडून शिकले. पाठशाळेत मीही हेच शिकवते. आपल्या धर्माने भित्रेपणाला कधी अहिंसा म्हटलेलं नाही.

पण पुस्तकाचं एक पान वाचून दुसरं मिटू नये. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत. त्यातला एक हिंसादान. कुऱ्हाड, तलवार, साखळदंड, अशी वधाची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे हिंसादान. पाचवा प्रकार प्रमादचर्या, म्हणजे बेफिकिरीने वागणं. आपल्या त्या ठरावात मला हे दोन्ही दिसले. विरोधी हिंसा म्हणजे वेळ आल्यावर आपण स्वतः उभं राहणं. आण्णा, बंदूक घेऊन फाटकावर तुम्ही उभे राहणार होतात का? तुमचा मुलगा राहणार होता का? उभा राहणार होता तो महिन्याकाठी कसाबसा पगार हाती पडणारा, कंत्राटी एजन्सीचा कोणी, बिहारचा नाहीतर बेळगावचा. गोळी चुकली तर तुरुंगात तो, नाही चुकली तर रात्रीची झोप त्याची जाणार. आपण पावती फाडून मोकळे. संध्याकाळी दिवा लागला की किडा मरू नये म्हणून आधी जेवून घेणारे आपण, माणूस मारायचं काम मात्र पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेणार, आणि त्याला दान म्हणणार! मला हे बोलताना जड जातं. पण पर्वाच्या दिवशी ते मनात आणलं, तर बोलूनही दाखवावं.

पर्व संपलं आणि आठवड्याभरात, २३ सप्टेंबरला, बदलापूरचा आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसाच्या गोळीने मेला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात हात जोडलेली चित्रं आणि फुलं पडली. कोणीतरी लिहिलं, न्याय झाला. त्या माणसासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण न्याय कसला झाला? त्याच्यापुरता खटला तिथेच संपला. एवढ्या लहान मुलींना शौचालयात नेणारी बाई का नव्हती, कॅमेरे असून का नसल्यासारखे होते, तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी आईबापांना तासन्‌तास का ताटकळत ठेवलं, यांतल्या एकाही प्रश्नाला त्या गोळीने उत्तर दिलं नाही. उलट लोकांचा राग उतरला, आणि राग उतरला की प्रश्नही बाजूला पडतात. बंदुकीची हीच मोठी सोय आहे. ती दिसते, आवाज करते, आपण काहीतरी केलं असं वाटायला लावते.

मग करायचं काय? मी नोकरीत होते तेव्हा पालक सभेत असाच एकदा सुरक्षेवर वाद झाला. फाटक, भिंत, पहारेकरी, कॅमेरा, सगळं बोलून झालं. सभेला काजूच्या बागेत काम करणारी एक आई होती, कधी बोलायची नाही. ती उठली आणि म्हणाली, "बाई, तें सगळें मागीर. आदीं त्या संडासाच्या दाराक कडी घालूंक सांगात." सगळे गप्प झाले. मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नव्हती. वर्षभर नव्हती. मुली एकमेकींसाठी दार धरून उभ्या राहत होत्या आणि आम्ही शिक्षिका ते रोज बघत होतो. कडीला किती रुपये लागले असते?

सुरक्षा अशीच असते, बारीक आणि कंटाळवाणी. दाराला आतून कडी. लहान मुलींबरोबर शौचालयापर्यंत जाणारी पगारी बाई, दर वर्षी नव्या कंत्राटावर बदलणारी नव्हे, पोरं जिला नावाने हाक मारतील अशी. कामावर घेण्याआधी प्रत्येकाची पोलिसांकडून पडताळणी. बालरथाच्या चालकाला आणि मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाईला वेळेवर पगार. आपत्तीत उघडणारं मागचं दार. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत आग लागली आणि चौऱ्याण्णव मुलं होरपळून गेली. त्यांना कोणी शत्रूने मारलं नव्हतं. छप्पर गवताचं होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. आपल्या गोव्याचा बाल कायदा २००३ चा, देशाच्या पॉक्सोच्याही आधीचा. स्वतंत्र बाल न्यायालय आहे. १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळून न कळवणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे, शाळेची अब्रू हे कारण चालत नाही. शाळांना समुपदेशक आहेत, पण एकाच बाईच्या वाट्याला अनेक शाळा येतात. आठवड्यातून एकदा गुरुवारी येणाऱ्या बाईंसाठी मुलीने सोमवारचं दुःख गुरुवारपर्यंत धरून ठेवायचं का?

हे सगळं मी आज शहाणपणाने सांगते. तेव्हा नव्हतं ते माझ्याकडे. सहावीतली एक मुलगी दोन दिवस शाळा सुटल्यावर माझ्या टेबलापाशी रेंगाळली. म्हणाली, "बाई, मी त्या वाटेने जात नाही आता." माझ्यासमोर हजेरीपट होता, महिनाअखेर होती. मी म्हटलं, "मग दुसऱ्या वाटेने जा. आईला सांग." तिसऱ्या दिवशी ती थांबली नाही. दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. वाटेवरच्या एका दुकानात तिला आत बोलावून काय चालत होतं, ते मला पुढच्या वर्षी दुसऱ्या एका बाईकडून कळलं. तिला माझ्याकडून पिस्तूल नको होतं. मी पेन खाली ठेवून "का गं?" एवढं विचारायला हवं होतं. दोन शब्द. आज तिचं वय काय असेल ते मी दर वर्षी मोजते.

म्हणून म्हणते, बायांनो, बंदुकीची मागणी ही आपल्याला सुटका वाटते. बंदूक आणली की ऐकायला नको, वर्गात डोकवायला नको, पालक सभेला जायला नको, हेडमास्तरांशी कडीसाठी वाद घालायला नको. इथल्या गावांचा राखणदारसुद्धा रात्रीचा काठी टेकत फिरतो असं लोक मानतात. फिरतो म्हणून तो राखणदार, एका जागी शस्त्र घेऊन बसतो म्हणून नव्हे. आपण निदान महिन्यातून एकदा आपल्या मुलांच्या शाळेत चक्कर मारावी. कुडण्याला गुजिराच्या पडक्या बस्तीपाशी आपण वर्षातून एकदा जातो, आपले पूर्वज इथे होते म्हणून मान वर करून येतो. मुलांच्या शाळेचं शौचालय आपल्यातल्या किती जणींनी बघितलंय?

शेवटी अर्ज मी लिहिलाच, पण माझा. त्यात तीन मागण्या घातल्या. मुलींच्या शौचालयांच्या प्रत्येक दाराला आतून कडी आणि वर दिवा, लहान वर्गांसाठी एक कायम मदतनीस बाई, आणि प्रत्येक शाळेला आठवड्यातून निदान तीन दिवस समुपदेशक. मदतनीस बाईच्या पहिल्या वर्षाच्या पगाराला समाजाचं दान द्यावं असं खाली लिहिलं. क्षमावाणीच्या दिवशी तो कागद सगळ्यांपुढे ठेवला. आण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचला, सही न करता बाजूला ठेवला. म्हणाले, विचार करतो. अकरा बायकांनी सह्या केल्या. त्या बंदुकीसाठी दान सुचवणाऱ्या वहिनी शेवटी आल्या. सही करून झाल्यावर हळूच विचारलं, "अक्का, आमच्या धाकटीच्या शाळेत कडी आहे का हो? मी कधी बघितलंच नाही."

मी म्हटलं, उद्या सकाळी दोघी जाऊ या.